घाट चढवणारे परसूअण्णा

परसूअण्णांकडे कुणी गाडी घेऊन आलं आणि "हिचा जोर वाढवून द्या" म्हणालं, की ते इंजिनाकडे बघतच नसत. चाकाशी उकिडवे बसत, ब्रेकची तार दोन बोटांत धरून ओढून बघत आणि मग मालकाला घेऊन तंबाखूच्या वखारींच्या मागच्या उतारावर जात. उताराच्या तळाशी रस्त्याच्या कडेला एक धोंडा ठेवत आणि म्हणत, "हितं थांबवून दावा." बहुतेकांची गाडी धोंड्याच्या बरीच पुढे जाऊन थांबे. मग अण्णा शांतपणे म्हणत, "थांबाय येत न्हाय तिला, आन् पळवायला निघालासा व्हय?"

माझी गाडी धोंड्याच्या पुढे बारा पावलं गेली होती. ती पावलं त्यांनी स्वतः चालून मोजली, आणि मोजली ती कानडीत. घरात मराठी बोलणारे अण्णा आकडे मात्र कायम कानडीत मोजत.

दुसरी लढाई सुरू व्हायला तेव्हा दोन-तीन वर्षं होती. मी निपाणीत नुकताच बायकांचा दवाखाना काढला होता. चार खाटा, एक नर्स आणि बाहेर फिरायला एक छोटी विलायती गाडी. बेळगावच्या कॅम्पातला एक गोरा अधिकारी मायदेशी परत चालला होता, त्याच्याकडून माझ्या वडिलांनी ती मला घेऊन दिली होती. वडील बेळगावात वकिली करत. मुलगी एकटी परगावी राहणार, गावोगाव बाळंतपणं करत फिरणार, तर निदान बैलगाडीतून धक्के खात जाऊ नये, एवढाच त्यांचा विचार. गाडी दिसायला देखणी होती, पण इंजिन शिलाईयंत्राएवढं. निपाणी सोडून बेळगावच्या रस्त्याला लागलं की स्तवनिधीचा घाट लागतो. मला घाटावरच्या गावांतून बोलावणी येत. बोलवायला आलेला माणूस, नर्स, औषधांची पेटी आणि मी असे बसलो की गाडी अर्ध्या घाटात धापा टाकत उभी राही. मग बोलवायला आलेला माणूस उतरून मागून ढकली. बायको घरी अडलेली आणि नवरा इथे गाडी ढकलतोय, हे मला बघवत नसे. म्हणून मी अण्णांकडे गेले होते.

पहिले आठ दिवस त्यांनी फक्त ब्रेकच केले. मी चिडले. मी चढायचं औषध मागते आहे आणि तुम्ही थांबायचं देता, असं काहीतरी बोलले. अण्णांनी हातातलं काम न थांबवता विचारलं, "वर जातानं गाडीत कोण असतंय?" मी सांगितलं. "आन् खाली येतानं?" खाली येताना अडलेली बाई मागच्या सीटवर आडवी असते, तिची सासू तिच्या पायाशी असते.

अण्णा मूळचे बेळगावजवळच्या वडगावचे. घरी हातमाग. मागाच्या आवाजात जन्मले आणि वाढले. धोट्याचा ठोका चुकला की सूत तुटायच्या आधीच आपल्याला कळायचं, असं ते सांगत. पहिल्या लढाईत पलटणीबरोबर फिटर म्हणून इराकातल्या बसऱ्याला गेले, तिथे तीन वर्षं लष्कराच्या लॉऱ्या दुरुस्त केल्या आणि परत आल्यावर मागावर त्यांचा जीव रमला नाही. निपाणीत कोल्हापूरच्या रस्त्याला तंबाखूच्या वखारींच्या रांगेत शेवटी त्यांनी एक पत्र्याची शेड घातली. मी भेटले तेव्हा ते पंचेचाळिशीचे असतील. बारीक अंगाचे, डोक्याला काळी टोपी, आणि इंजिन ऐकताना डोळे मिटून घ्यायची सवय. लाकडाची एक दांडी ते इंजिनाला टेकवत आणि दुसरं टोक कानाला लावत. मी त्यांना माझा जुना स्टेथोस्कोप देऊ केला. दोन दिवस वापरून त्यांनी तो पुसून परत आणून दिला. म्हणाले, "बाई, ह्यात समदंच आयकू येतंय. मला एकच पायजे असतंय."

शेडमध्ये आणखी एक माणूस असे, दत्तोबा. अण्णांच्याच वयाचा, उजवा पाय गुडघ्याखाली नसलेला. तो एका बाकावर बसून दिवसभर व्हाल्व घासत असे आणि फार बोलत नसे. अण्णा त्याला दत्तू म्हणत. दुपारी दोघं एका डब्यातून जेवत.

ब्रेक मनासारखे झाल्यावर अण्णांनी इंजिन उघडलं. जोर वाढवणं म्हणजे काहीतरी नवीन भाग घालणं अशी माझी कल्पना होती. अण्णांचं म्हणणं वेगळं होतं. "जोर आतच हाय. त्याच्या वाटंत जे बसलंय ते काढायचं, एवढंच." कारखान्यात घाईने ओतलेल्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, आत कंगोरे राहतात, चार सिलिंडरांच्या पोकळ्या कमीजास्त होतात, एक दट्ट्या, म्हणजे पिस्टन, दुसऱ्यापेक्षा जड निघतो. हे सगळे एकमेकांशी भांडत बसतात आणि जोर त्यातच संपतो. अण्णांनी एके दिवशी दवाखान्यात येऊन माझी मोठी काचेची पिचकारी मागून नेली. तिच्यावर मापाच्या रेघा होत्या. प्रत्येक पोकळीत तेल भरून त्यांनी ते थेंबाथेंबाने मोजलं आणि जी पोकळी लहान होती ती कानशीने खरवडून बाकीच्यांच्या बरोबरीला आणली. "चार भावांस्नी सारकं वाढलं की घरात भांडण न्हाय," ते म्हणाले. मग औषधाचा तराजू नेला. दट्टे आणि त्यांचे दांडे एकेक जोडीने पारड्यात घालून, जड असेल त्याची कड घासत, चारही तंतोतंत केले. औषधं चमच्याने अंदाजाने देता येत नाहीत म्हणून माझी नर्स आठवडाभर कुरकुरत होती. शेवटी तिने तराजूसाठी शेडकडे फेऱ्या मारायला सुरुवात केली.

इंजिनाच्या माथ्यावर बिडाचं जाड झाकण असतं, त्याला हेड म्हणतात. ते तासून पातळ केलं की आतली हवा जास्त दाबली जाते आणि स्फोटाचा दणका वाढतो. कोल्हापूरला एका लेथवर अण्णांनी ते तासून आणलं. पण लेथवर त्यांचा भरवसा नव्हता. आरशाच्या जाड काचेवर शेंदूर तेलात कालवून फासायचा, त्यावर हेड ठेवून उचलायचं, जिथे शेंदूर लागला तो उंचवटा खरवडायचा. असं त्यांनी किती वेळा केलं ते मला माहीत नाही. तीन दिवस त्यांची बोटं लाल होती. चौथ्या दिवशी सगळ्या पृष्ठभागावर सारखा शेंदूर उमटला.

एकदा मी दुपारी शेडवर गेले तर ते म्हणाले, "बाई, जरा हात धुऊन या." पेट्रोलची वाफ ज्या वाटेने आत जाते ती नळी त्यांनी काठीला पॉलिशचा कागद गुंडाळून आतून गुळगुळीत केली होती. पण कुठेतरी काहीतरी राहिलंय असं त्यांना वाटत होतं आणि त्यांचं जाड बोट वळणापर्यंत पोचत नव्हतं. "तुमचं बोट न दिसणाऱ्या जागी बघायला शिकल्यालं हाय," ते म्हणाले. मी बोट आत घातलं, डोळे मिटले. वळणाच्या आतल्या बाजूला, वरच्या अंगाला, तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा लागला. मी सांगितलं. अण्णांनी तो काढला, मी पुन्हा तपासलं. हे काम आम्ही दोघांनी मिळून केलं असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आणि मला त्याचा फार आनंद झाला.

दीड महिन्याने गाडी तयार झाली. मी चालवायला, शेजारी अण्णा, मागे नर्स, आणि उरलेल्या जागेत वाळूची दोन पोती. घाटाच्या पायथ्याशी अण्णांनी मला स्टिअरिंगच्या चाकावरची, ठिणगीची वेळ मागेपुढे करणारी काडी थोडी मागे घ्यायला सांगितलं, नाहीतर वाढलेल्या दणक्याने इंजिन ठोकायला लागतं. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढली. जिथे नेहमी थांबायची ते वळण गेलं, पुढचं गेलं, आणि माथ्यावर आल्यावर नर्स म्हणाली, "आलो की वो." अण्णा डोळे मिटून बसले होते. उघडले आणि म्हणाले, "तिसरा भाऊ अजून जरा कुरकुरतोय."

त्याच दिवशी त्यांनी मला एक मर्यादा घालून दिली. वेगाच्या तबकडीवर पंचेचाळीस मैलांच्या आकड्यापाशी त्यांनी नखाएवढा लाल ठिपका दिला. इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, क्रँक, हा दोन टोकांनाच धरलेला आहे, मध्ये आधार नाही, हे त्यांनी मला ओली काठी वाकवून दाखवलं. चढ चढायला पाहिजे तेवढा जोर हा दांडा सहन करील. सपाटीला फार पळवली तर मध्येच लचकून तुटेल. मी म्हटलं, मला कुठे शर्यत करायची आहे.

पुढची दोन वर्षं ती गाडी घाट चढली. आजही घाटावरच्या गावांत पन्नाशीतले काही लोक असतील ज्यांचा जन्म माझ्या चार खाटांपैकी एकीवर झाला. त्यांच्या आया त्या उतारावरून मागच्या सीटवर आडव्या पडून खाली आल्या होत्या, आणि गाडी जिथे थांबवायची तिथे थांबली होती. संकेश्वरच्या एका वकिलांनी, एका मास्तरांनी आणि एका गूळ व्यापाऱ्याने आपापल्या गाड्या अण्णांकडून तशाच करून घेतल्या.

दत्तोबाच्या पायाची गोष्ट मला या काळात कळली. त्याच्या तुटक्या पायाला जखम झाली होती, मी मलमपट्टी करायला जात असे. त्याने ती स्वतःहून सांगितली, पट्टी बांधून होईपर्यंतच्या वेळात. तो पूर्वी तंबाखूच्या एका व्यापाऱ्याचा ड्रायव्हर होता. मालकाला आपली गाडी कोल्हापूरच्या मोटारीच्या पुढे पळायला हवी होती. अण्णा तेव्हा नवे होते, जोर काढायचा त्यांना नाद लागला होता. त्यांनी ती गाडी अशी केली की घाट ती हसत चढली. उतरताना ब्रेकची तार तुटली. दत्तोबाने गाडी दरीकडे जाऊ न देता डोंगराच्या अंगावर घातली. मालक वाचला, दत्तोबाचा पाय गेला. मालकाने त्याला कामावरून काढलं. अण्णा मिरजेच्या इस्पितळात जाऊन त्याला घेऊन आले आणि तेव्हापासून तो त्या बाकावर आहे. "नऊ वर्सं झाली," दत्तोबा म्हणाला. "त्यावर आमी कवा बोललो न्हाय."

आता मला माझी गोष्ट सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय अण्णा कसे होते ते पुरतं कळणार नाही.

थंडीचे दिवस होते. कोगनोळीला एक बाळंतीण बघून मी एकटीच निपाणीला परत येत होते. सकाळची वेळ, रस्ता सरळ आणि मोकळा, दोन्ही बाजूंना तंबाखूची शेतं. मागून एक मोठी गाडी आली, कुणा जहागीरदाराची असावी, तिने जोरात भोंगा वाजवला आणि धुरळा उडवत पुढे गेली. आतल्या कुणीतरी मागे वळून बघितलं आणि हसलं. बाई गाडी चालवते आहे याला लोक तेव्हा हसतच. मला त्याची सवय होती. पण त्या दिवशी मी पाय दाबला. काटा लाल ठिपक्यावर आला आणि पुढे गेला. गाडीचा आवाज बदलला, मला तो आवडला. मी त्या मोठ्या गाडीला गाठलं, भोंगा वाजवला आणि पुढे गेले. तेव्हा काटा अट्ठावन्नावर होता. मी हसत होते. अर्धा मैल गेले असेन, तेवढ्यात खाली लोखंडी भांडं फुटावं तसा आवाज झाला आणि सगळं शांत झालं. ती मोठी गाडी मला ओलांडून गेली, थांबली नाही.

बैल जोडून गाडी शेडपर्यंत ओढत आणली. अण्णांनी विचारलं, कशी चालली होती. मी म्हटलं, "सावकाशच होते. एकदम आवाज आला."

खोटं बोलायचं मी ठरवलं नव्हतं. ते तोंडातून आलं, आणि आल्यावर परत घेता आलं नाही. अण्णांनी इंजिन उतरवलं. क्रँक मधोमध तुटला होता. त्यांनी दोन्ही तुकडे उजेडात नेऊन बराच वेळ बघितले, ती तुटलेली कड अंगठ्याने चाचपली. मग म्हणाले, "माझं चुकलं, बाई. हेड लई खाली घेतलं मी. दणका वाढला, दांडा तेवढाच ऱ्हायला." तुटलेल्या दांड्याचा आणि वेगाचा संबंध त्यांना कळत नव्हता असं नाही. पण मी सावकाश होते म्हटल्यावर सावकाशच असणार, असं त्यांनी धरलं.

मुंबईहून नवीन क्रँक यायला चार महिने लागले. तेवढे दिवस मी पुन्हा बैलगाडीने फिरले. चौथ्या महिन्यात घाटावरच्या एका गावाहून शेवंता नावाच्या बाईसाठी बोलावणं आलं. तिसरं बाळंतपण, मूल आडवं. निरोप दुपारी मिळाला, मी लगेच निघाले आणि दिवे लागायच्या सुमाराला पोचले. मूल गेलं होतं आणि शेवंता जात होती. मी काहीच करू शकले नाही. तासभर आधी पोचले असते तर, असं मी तेव्हा मनात म्हटलं आणि पुढेही पुष्कळदा म्हटलं. गाडीने तासभर नव्हे, तीन तास वाचले असते.

ही गोष्ट निपाणीत सगळ्यांना कळली, अण्णांनाही कळली. त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी शेडवरून जात होते तर संकेश्वरच्या वकिलांची गाडी उघडी पडलेली दिसली. अण्णा तांब्याचा जाड पत्रा कापत बसले होते. दत्तोबाला विचारलं तर म्हणाला, जोर वाढवलेल्या तिन्ही गाड्या अण्णांनी बोलावून घेतल्या आहेत. हेडच्या खाली तांब्याचा जाड थर बसवायचा, म्हणजे वाढवलेला दणका पुन्हा कमी. आधी गुळवाल्याची झाली, मास्तरांची झाली. आता ही तिसरी. "म्हणतोय, माझा हिशेब चुकीचा हाय, आनि कुणाचं मराण नगं." नवीन येणाऱ्यांना ते नाही म्हणून सांगत होते. डोळे मिटून इंजिन ऐकायचंही त्यांनी सोडलं होतं, दत्तोबाच ऐके.

दोन दिवस मी झोपले नाही असं म्हणणार नाही. झोपले, कामही केलं. पण तिसऱ्या दिवशी सकाळी उठून सरळ शेडवर गेले. अण्णा त्याच तांब्याला भोकं पाडत होते. मी उभी राहूनच सांगितलं. जहागीरदाराची गाडी, भोंगा, लाल ठिपका, सगळं. शेवटी म्हटलं, "तुमचा हिशेब बरोबर होता. मी खोटं बोलले."

अण्णांनी हातोडी खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं, "किती हुता काटा?"

"अट्ठावन्न."

"अट्ठावन्नाला गेलती?" ते स्वतःशीच म्हणाले. "आन् तितनं अर्धा मैल ऱ्हायली. मग क्रँक चांगला हुता की वो." त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. चार महिने पाठीवर असलेलं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यावर माणूस दिसतो तसे ते दिसत होते. त्याची मला जास्तच लाज वाटली. मी शेवंताबद्दल बोलायला लागले. त्यांनी मला थांबवलं. "क्रँकचं मिटलं, बाई. शेवंताचं मी मिटवू शकत न्हाय. ते तुमच्यापाशीच ऱ्हाणार."

मी जायला वळले तेव्हा त्यांनी मला परत बोलावलं. आवाज खाली आणला. दत्तोबा शेडच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरा बसून व्हाल्व घासत होता. अण्णा म्हणाले, "दत्तूच्या गाडीची तार मी त्या दिशी सकाळी बघितलती. दोन पदर तुटल्यालं. सांजच्याला बदलू म्हटलं. चढ कशी घेतीया ते आधी बघायचं हुतं मला." मग ते म्हणाले, "नऊ वर्सं झाली, अजून मी हे त्याला सांगितल्यालं न्हाय. तुमी चार म्हयन्यांत सांगितलासा."

त्यांनी दत्तोबाला सांगितलं ते मला पुढच्या आठवड्यात कळलं, तेही दत्तोबाकडूनच. मी गेल्या गेल्या त्याच दिवशी, दुपारी जेवताना, अण्णांनी घास खाली ठेवून सांगितलं होतं. मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात. दत्तोबा पायाची पट्टी नीट करत म्हणाला, "म्हटलं, ती तार मी बी बघितलती. ड्रायव्हर हुतो की. तर मला म्हणतोय, मग चढवलीस कशाला? म्हटलं, गाडी तू केल्ती म्हणून."

अण्णांनी वकिलांच्या गाडीत तांब्याचा थर घातला नाही. गुळवाल्याची आणि मास्तरांची गाडी पुन्हा बोलावून घातलेला थर काढून टाकला. माझ्या गाडीत नवीन क्रँक बसवला आणि तबकडीवर नवीन ठिपका देताना तो पंचेचाळिसावरच दिला, चाळिसावर आणला नाही. मला ते फार लागलं, कारण ते आता तो चाळिसावर आणतील असं मी धरूनच गेले होते. शेवंताच्या नवऱ्याला मात्र मी कधी काही सांगितलं नाही. दोनदा त्या गावाला गेले, दोन्ही वेळा तो समोर आला, आणि दोन्ही वेळा मी त्याच्या उरलेल्या मुलांची तब्येत विचारून परत आले. अण्णांना मी हेही सांगितलं.

मग लढाई आली, पेट्रोल कुपनावर आलं, बहुतेकांच्या गाड्या विटांवर चढवून ठेवल्या गेल्या. डॉक्टर म्हणून मला थोडं मिळे. थोड्या पेट्रोलात जास्त चालावं म्हणून अण्णा माझ्या गाडीशी खटपट करत राहिले. आता जोराऐवजी थेंब मोजायचे एवढाच फरक, पिचकारी तीच. त्या वर्षांत आमच्यात कामाशिवाय फारसं बोलणं झालं नाही. पण त्यांनी मला कुठलीही गोष्ट विचारली आणि मी उत्तर दिलं की ते ताडून बघायला जात नसत. असा विश्वास मला फार थोड्या माणसांनी दिला. त्यातल्या एकाला मी आधी फसवलं होतं.

लढाई संपून वर्ष झालं होतं. श्रावणात अण्णा दवाखान्यात आले. पोटात दुखतंय, अन्न जात नाही म्हणाले. दवाखाना बायकांचा होता, पण ते दुसरीकडे गेले नाहीत. मी पोट तपासलं. बरगडीच्या खाली हाताला घट्ट, खडबडीत गाठ लागली. मी त्यांना बेळगावला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, माझ्याच गाडीतून. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन इंग्रजीत सांगितलं आणि अण्णांना मराठीत, "औषध घ्या, बरं वाटेल," असं सांगितलं. आम्ही डॉक्टर तेव्हा सगळ्यांना असंच सांगत असू. मीही शेकडो जणांना सांगितलं होतं.

परतीच्या वाटेवर हत्तरगीच्या पुढे अण्णांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. मला वाटलं त्यांना मळमळतंय. ते सीटवर सरळ बसून म्हणाले, "बाई, किती दिस ते सांगा. सरळ सांगा."

मी दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत सांगितलं, "दिवाळी दिसेल असं वाटत नाही."

अण्णांनी मान हलवली. "शेडात चार गाड्या उघड्या हाईत," ते म्हणाले. "चला."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शेडच्या दारात खाट टाकली. हात चालत नव्हते, पण कान चालत होते. दत्तोबा करायचा आणि अण्णा खाटेवरून सांगायचे. दोन गाड्या भाद्रपदाच्या आधीच झाल्या. तिसरीला भाग मिळत नव्हता, तो अण्णांनी दत्तोबाकडून कानशीने घडवून घेतला. त्याला सात दिवस लागले. मी रोज सकाळी इंजेक्शन द्यायला जात असे. त्या वेळी ते मला दुखण्याबद्दल न सांगता काय झालं आणि काय राहिलं ते सांगत. चौथी एका बटाटा व्यापाऱ्याची लॉरी होती. ती जोडून झाली, दत्तोबाने सुरू केली, मलाही ती चांगली वाटली. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. आवाज जेमतेम निघत होता, तरी ते म्हणाले, "दुसरा भाऊ. खोल."

दत्तोबाने ती पुन्हा उघडली. दुसऱ्या सिलिंडरचा एक व्हाल्व केसाएवढा कमी बसत होता. तो घासायला दोन दिवस गेले. मग लॉरी पुन्हा सुरू केली. अण्णांनी ती बराच वेळ चालू ठेवायला लावली, मग हाताने खूण केली, आणि व्यापाऱ्याचा माणूस ती घेऊन गेला.

नवरात्र बसायच्या आदल्या दिवशी सकाळी अण्णा गेले. शेडमध्ये तेव्हा एकही गाडी उघडी नव्हती.